जुनी इलेक्ट्रिक गिटार : काय दुरुस्त करावं, काय बदलावं, कशाला हात लावू नये



घरात जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माळ्यावर किंवा पलंगाखाली पडलेली, तारा गंजलेल्या, आवाज येत नाही किंवा आला तर खरखरतो. तिचं काय करायचं? आज त्याविषयी बोलू. अशा गिटारीच्या मालकाला साधारणपणे दोन सल्ले मिळतात. दुकानदार म्हणतो, "सोडून जा, सगळं नवं बसवून देतो." जुन्या वाद्यांचा शौकीन म्हणतो, "एक स्क्रूसुद्धा बदलू नका, किंमत जाईल." पहिला सल्ला ऐकला तर जुनं काही उरत नाही. दुसरा ऐकला तर गिटार वाजत नाही. या दोन्हींच्या मधला एक सरळ रस्ता आहे, तो मी आज दाखवणार आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी सैन्यात ईएमई कोअरमध्ये होतो. गाड्या, तोफा, वायरलेस सेट, दुर्बिणी, जे बिघडेल ते दुरुस्त करून परत पाठवणं हे आमचं काम. निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो आणि मागच्या खोलीत छोटं वर्कशॉप थाटलं. गिटारीचा नाद जुना आहे. वादक म्हणून मी बेताचाच, पण पाना आणि सोल्डरिंगची इस्त्री हातात असली की मन रमतं.

वर्कशॉपमध्ये जुनी गिटार आली की मी प्रत्येक कामाआधी एकच प्रश्न विचारतो : आज जे करतोय, ते उद्या पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का? येत असेल तर खुशाल करावं. येत नसेल तर ते केल्याशिवाय गिटार वाजूच शकत नाही, एवढी खात्री झाल्यावरच हात लावावा. बाकी सगळं याच प्रश्नातून निघतं.

आवाज येतो कुठून

इलेक्ट्रिक गिटारीचं मर्म पिकअपमध्ये असतं. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच हा भाग. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. सायकलचा डायनॅमो आठवा. तिथे चाक फिरतं, इथे तार हलते. ही वीज अँप्लिफायरमध्ये जाते आणि स्पीकरमधून सूर बाहेर येतो.

ही वेढ्यांची तार किती बारीक असते? पुष्कळ पिकअपमध्ये ४२ गेजची तार असते. तिच्या तांब्याची जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये असे साडेसात-आठ हजार वेढे असतात. म्हणून पिकअपजवळ स्क्रूड्रायव्हर निसटू देऊ नये. एक ओरखडा पुरतो.

१९३२ च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या वादनामुळे हा आवाज घराघरांत पोहोचला. जुन्या रेकॉर्डवर सिनेमाच्या चाली गिटारीवर ऐकलेले वाचक तो ओळखतील. उभी धरून वाजवायची भरीव लाकडाची गिटार मोठ्या प्रमाणावर आली ती १९५० नंतर : फेंडरची टेलिकास्टर, १९५२ ची गिब्सन लेस पॉल, १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर. साठ आणि सत्तरच्या दशकांत जपानी कारखान्यांनी याच घाटाच्या लाखो गिटारी बनवल्या. आपल्या देशात आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे परदेशी वाद्य यायचं ते जहाजावरच्या माणसाबरोबर, प्रवाशाबरोबर किंवा हातोहात विकत. शिलाँग, कोलकाता, दिमापूर, गोवा, मुंबई इथे अशा गिटारी आजही निघतात. त्या इतकी वर्षं चालू राहिल्या त्या गल्लीतल्या रेडिओ मेकॅनिकच्या हातांमुळे. म्हणून आत रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवलेला दिसला तर नाक मुरडू नका. त्या माणसाने ती गिटार जिवंत ठेवली.

तीन गट

गिटारीच्या भागांचे मी तीन गट करतो.

पहिला गट झिजणाऱ्या भागांचा. तारा, खुंट्यांजवळची खाचांची पट्टी म्हणजे नट, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, वायर जोडायचा जॅक. गाडीचे टायर आणि ब्रेक पॅड जसे, तसेच हे. झिजले की बदलायचे. त्यात पाप नाही.

दुसरा गट काढता-घालता येणाऱ्या भागांचा. पिकअप, स्विच, आवाजाचे नॉब आणि त्यांखालचे पॉट, खुंट्या, ब्रिज म्हणजे तंबोऱ्याची घोडी. हे भाग बदलता येतात. अट अशी की लाकडाला नवं भोक पडता कामा नये आणि काढलेला भाग जपून ठेवला पाहिजे.

तिसरा गट लाकूड आणि रंगाचा. इथे केलेलं काम परत फिरवता येत नाही. पटाशीने कोरलेलं लाकूड पुन्हा उगवत नाही. घासून काढलेला जुना रंग परत येत नाही, आणि त्याबरोबर वाजवणाऱ्याच्या हाताच्या, पट्ट्याच्या, बकलाच्या खुणाही जातात. जुन्या वाद्यांच्या बाजारातला ठोकताळा असा आहे की मूळ रंग काढून नवा रंग दिला की गिटारीची किंमत निम्म्यावर येते. पण मला किमतीपेक्षा त्या खुणांचं जास्त वाटतं. एक उदाहरण सांगतो.

कोर्समेटची गिटार

माझा एक कोर्समेट इंदूरचा. ऐंशीच्या दशकात शिलाँगला पोस्टिंग असताना त्याने तिथल्या एका वादकाकडून जपानी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. तीन पिकअप, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, सत्तरच्या दशकातली. हेडस्टॉकवरचं नाव पुसलेलं, मागच्या पत्र्यावर 'मेड इन जपान' एवढंच. पुढची वीस-बावीस वर्षं ती त्याच्याबरोबर छावणी ते छावणी फिरली. ट्रकमधून, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून. काही वर्षांपूर्वी तो गेला. गिटार त्याच्या लेकीकडे आली. ती बंगळुरूला नोकरी करते आणि एका बँडमध्ये वाजवते.

तिने ती एका दुकानात दाखवली होती. त्यांनी यादी दिली : नवा रंग, मोठ्या पिकअपसाठी बॉडी कोरणे, नव्या खुंट्यांसाठी भोकं मोठी करणे. ती यादी आणि गिटार घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, मला ही स्टेजवर वाजवायची आहे. बाबांची आठवण म्हणून भिंतीवर टांगायची नाही." संध्याकाळी वहिनींचा इंदूरहून फोन. "भावजी, त्या ओरखड्यांना हात लावू नका. ते त्यांचे आहेत."

दोघींचंही बरोबर होतं. दुकानाच्या यादीतलं प्रत्येक काम मात्र तिसऱ्या गटातलं होतं.

आधी नोंद, मग पाना

यंत्र उघडताना पांढऱ्या कापडावर भाग क्रमाने मांडायचे, ही सवय आम्हाला पहिल्या महिन्यातच लावतात. गिटारीलाही तेच करा. उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. उघडल्यावर वायरिंगचे फोटो, कुठल्या रंगाची तार कुठे जाते ते कागदावर. स्क्रू एकसारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. पुठ्ठ्यावर गिटारीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. एक वही घाला. तारीख, काय मोजलं, काय केलं. आमच्या प्रत्येक गाडीला लॉगबुक असायचं. तुमच्या गिटारीलाही असू द्या.

वय ओळखायला पॉटची पाठ वाचा. अमेरिकन पॉटवर आकडे ठोकलेले असतात. सुरुवातीचे १३७ म्हणजे सीटीएस हा बनवणारा कारखाना, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. १३७६५१२ असेल तर १९६५ सालचा १२ वा आठवडा. गिटार त्याआधीची नाही एवढं यावरून कळतं, अर्थात पॉट मूळचा असेल तर. जोडांवरचं सोल्डर जुनं, निस्तेज आणि सगळीकडे एकसारखं असेल तर बहुधा कुणी हात लावलेला नाही.

मान, तारा आणि फ्रेट

लोक आधी विजेचं काम काढतात. मी आधी मान बघतो. सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४५ किलोच्या आसपास असतो. तो ताण मानेला पुढे वाकवतो. त्याला तोलून धरायला मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये सुमारे ०.२५ मिलिमीटर फट हवी. मोजायला मोटारच्या दुकानात मिळणारा फीलर गेज चालतो. फट जास्त असेल तर तारा सैल करून ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, पण एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग. पुन्हा सुरात आणा, एक दिवस थांबा, पुन्हा मोजा. नट अडला तर जोर करू नका. सळई तुटली तर मान गेली.

कोर्समेटच्या गिटारीत फट जवळपास एक मिलिमीटर होती. चार दिवसांत, चार टप्प्यांत ती जागेवर आली. दुकानाने 'मान वाकली आहे, बदलावी लागेल' असं सांगितलं होतं.

पहिल्या पाच फ्रेटवर कॉर्ड धरून धरून खड्डे पडले होते. नवे फ्रेट घालण्याआधी जुने समतल करता येतात का ते बघावं. मान अगदी सरळ करून, फ्रेटवर मार्कर पेनने रेघ ओढून, सरळ पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. सगळ्या रेघा पुसल्या की समतल झालं. मग खास कानशीने प्रत्येक फ्रेटला पुन्हा गोलाई द्यायची. धातू पुरेसा उरला असेल तर यावर आणखी पुष्कळ वर्षं निघतात. या गिटारीत उरला होता.

फ्रेटच्या मधलं काळपट लाकूड बहुतेक वेळा शिसवी असतं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ब्राझीलच्या शिसवीच्या जागी आपल्या सह्याद्री-निलगिरी पट्ट्यातली भारतीय शिसवी जगभर गिटारींना लागू लागली. ती पॉलिश पेपरने घासू नका. मऊ ब्रशने धूळ काढा, मिनरल ऑइलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा, लगेच कोरडं करा. खोबरेल लावू नका, ते कालांतराने खवट होतं. फ्रेट चमकवायला काही जण स्टील वूल वापरतात. त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटून आत शिरतो. वापरायचंच असेल तर पिकअप आधी टेपने झाका.

सूर टिकत नाही म्हणून खुंट्या बदलायचा सल्ला सर्रास मिळतो. बहुतेक वेळा दोष नटच्या खाचेत असतो. तार तिथे अडकते आणि टक्कन सुटते. आमच्या गिटारीतला नट प्लास्टिकचा होता आणि तडकलेला. तो हाडाचा नवा घातला, जुना पाकिटात ठेवला. खुंट्यांमधलं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं भरलं. त्या आजही उत्तम चालतात. नव्या पद्धतीच्या खुंट्यांना १० मिलिमीटरचं भोक लागतं आणि जुन्या भोकाचा व्यास त्याहून कमी असतो. म्हणजे मानेच्या लाकडात ड्रिल चालवावं लागलं असतं. खुंट्या खरोखर निकामी झाल्या असतील तर आधी जुन्या भोकात बसणाऱ्या खुंट्या शोधा, त्या मिळतात.

शेवटी सूर जुळणी. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेची ब्रिजवरची घोडी मागे सरकवा, उतरा असेल तर पुढे. हे नवीन तारांवरच करा. जुन्या तारा फसवतात.

आवाजाची दुरुस्ती

आता मल्टिमीटर घ्या. सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारण ५ ते ७ किलोओहम भरतो. या गिटारीत दोन पिकअप ५.६ आणि ५.८ दाखवत होते. ब्रिजजवळच्या तिसऱ्यात सर्किट तुटलेलं. दुकानाच्या भाषेत 'मेलेला'.

तुटलेला पिकअप फेकण्याआधी भिंगाखाली बघा. वेढ्यांची तार आत क्वचितच तुटते. ती तुटते बाहेरच्या टोकाला, जिथे सोल्डर केलेली असते. दमट हवेत तिथे तांब्याला हिरवट गंज चढतो. इथेही तेच होतं. बाहेरचा एक वेढा सोडवला, टोकावरचं इनॅमल हलकेच काढलं, नवा जोड दिला. मीटरवर ५.५ किलोओहम. पन्नास वर्षांपूर्वी जपानमध्ये गुंडाळलेली ती कॉइल पुन्हा बोलू लागली, आणि तिचा आवाज अर्थातच तोच आला जो कोर्समेट वाजवायचा. नवा पिकअप बसवला असता तर हे कधी कळलंच नसतं.

खरखरणारे पॉट बदलायच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा पुढे-मागे फिरवा. बहुतेक सुधारतात. बदलावाच लागला तर दोन गोष्टी बघा. किंमत : सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहम, हमबकरला ५०० किलोओहम. आकार : जुन्या छोट्या जपानी पॉटचं भोक सुमारे ७ मिलिमीटर असतं, अमेरिकन पॉटला ९.५ लागतं. अमेरिकन चांगला म्हणून मूळ भोक मोठं करण्यापेक्षा त्याच मापाचा दुसरा आणा. जपानी पॉटवर 'ए' लिहिलं असेल तर तो आवाजासाठीचा लॉगॅरिदमिक, 'बी' म्हणजे सरळ चढणारा.

बदल, पण परत फिरण्याची वाट ठेवून

इथपर्यंत दुरुस्ती झाली. लेकीला मात्र बदलही हवा होता. तिच्या बँडचा आवाज जड आहे, आणि सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही उचलतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे खाली एक जाड सूर सतत घुमत राहतो. यावर १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केलेला उपाय म्हणजे हमबकर. दोन कॉइल उलट दिशेने जोडलेल्या, चुंबकही उलटे. गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा सूर दुप्पट होतो. नेहमीचा हमबकर रुंद असतो, म्हणून दुकानदार बॉडी कोरायला निघाला होता. पण सिंगल कॉइलच्या खाचेत मावणारे अरुंद हमबकर गेली कित्येक वर्षं मिळतात.

आम्ही केलं ते असं. या घाटाच्या गिटारीत पिकअप, स्विच, पॉट सगळं पुढच्या प्लास्टिकच्या तबकडीला, म्हणजे पिकगार्डला लागलेलं असतं. मूळ पिकगार्ड जसाच्या तसा बाहेर काढला. जॅककडे जाणाऱ्या दोन तारा आणि ब्रिजच्या स्प्रिंगांकडे जाणारी अर्थिंगची एक तार, एवढेच जोड सोडवले. त्याच्या मापाने नवा पिकगार्ड कापून घेतला. पाट्या बनवणारे लेझरवर ॲक्रिलिक छान कापून देतात. पीव्हीसीचा पत्रा मात्र लेझरवर देऊ नका, त्यातून घातक वायू निघतो. तो करवतीने कापावा लागतो. नव्या पिकगार्डवर एक अरुंद हमबकर, दोन नवे सिंगल कॉइल आणि पाच स्थितींचा स्विच. मूळचा स्विच तीन स्थितींचा होता. फेंडरनेही १९७७ पर्यंत तीनचाच दिला. वादक तो मधल्या जागी अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत, म्हणून पुढे पाचचा आला.

आता त्या गिटारीला दोन पिकगार्ड आहेत. एक स्टेजचा, एक बाबांचा. अदलाबदल करायला स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची इस्त्री आणि पाऊण तास लागतो. लाकडाला एकही नवं भोक नाही. रंगाला हात लावलेला नाही; जिथे टवके उडून कडा टोचत होती तिथे फक्त सुपर ग्लूचा थेंब देऊन कड बसवली. बकलाचे ओरखडे, हेडस्टॉकवरचा सिगरेटचा डाग सगळं तिथेच आहे. वहिनींनी पुढच्या भेटीत गिटार उलटी करून पाठ पाहिली, एकदा हात फिरवला आणि चहा टाकायला गेल्या. त्याआधी लेकीने मूळ पिकगार्ड लावून मला एक चाल वाजवून दाखवली होती, म्हणाली, "काका, घरी हाच ठेवणार. शोच्या आधी बदलेन."

मग मोठ्या वादकांनी कोरल्या त्याचं काय?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटच्या घाटाची बॉडी कोरून त्यात गिब्सनचा हमबकर ठोकला आणि त्या गिटारीने १९७८ नंतरचा रॉकचा आवाज बदलला. खरं आहे. पण ती कारखान्यात बाजूला काढलेली स्वस्त बॉडी होती. एरिक क्लॅप्टनने १९७० साली नॅशव्हिलमध्ये घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटपैकी तीन सोडून, त्यांच्या चांगल्या भागांतून 'ब्लॅकी' जुळवली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरना गेली. तीसुद्धा घेतली तेव्हा दुकानातल्या जुन्या, स्वस्त गिटारींतूनच आली होती. प्रयोग करायचे तर आज बाजारात नव्या स्वस्त बॉडी भरपूर मिळतात. त्यांवर खुशाल पटाशी चालवा.

उलटी उदाहरणंही आहेत. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये मानेजवळच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं आहे. नियमाप्रमाणे तो दोष. पण दोन्ही पिकअप एकत्र लावले की जो नाकातला, रडवा सूर निघतो, त्यासाठीच ती गिटार ओळखली जाते. पुढे ती गॅरी मूरकडे गेली, आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. कुणीही तो 'दोष' काढला नाही. म्हणून एखादी विचित्र गोष्ट दिसली तर आधी ऐका.

आणि क्वीनच्या ब्रायन मेची 'रेड स्पेशल'. १९६३ पासून त्याने आणि वडिलांनी घरी बनवलेली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, ट्रेमोलोत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तिच्याबरोबर गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. १९९८ मध्ये ग्रेग फ्रायर या कारागिराने ती दुरुस्त केली, तेव्हा ती झकपक नवी करण्याऐवजी होती तशी टिकवली. तीच गिटार घेऊन ब्रायन मे आजही वाजवतो.

शॉकबद्दल, गांभीर्याने

गिटारीच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर असतो. अँप्लिफायरचं अर्थिंग नसेल आणि ओठ माइकला लागले तर शरीरातून करंट जाऊ शकतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक स्टेजवर याच प्रकारे गेला. जुना दोन पिनांचा अँप्लिफायर तसाच लावू नका. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांची वायर, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी करून घ्या. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. तो जाणत्याशिवाय उघडू नये. गिटारीत सोल्डरिंग करताना तिची वायर अँप्लिफायरमधून काढलेली असावी. जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे असू शकतात आणि ते भडकन पेटतात. गरम इस्त्री लांब ठेवा.

सांभाळ

झालेलं काम टिकवायचं तर हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी. दमट गावात पेटीत सिलिका जेल, कोरड्या उन्हाळ्यात कूलरच्या झोतापासून लांब. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जुन्या गिटारी रबरी स्टँडवर ठेवू नका, रबर रंगाला चिकटून डाग पाडतं. मध्ये सुती कापड घाला. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका.

काढलेला प्रत्येक भाग, तडकलेला नटसुद्धा, डब्यात घालून त्यावर नाव आणि तारीख लिहा. डबा आणि वही गिटारीच्या पेटीतच ठेवा, म्हणजे वाद्य ज्याच्या हातात जाईल त्याला सगळं एकत्र मिळेल. पुढच्या माणसाला वेगळा निर्णय घ्यायचा असेल तर तो घ्यायला त्याच्याकडे सामान हवं.

पुढच्या भागात अर्थिंग घरच्या घरी कसं तपासायचं ते सविस्तर बघू. तोवर पलंगाखालची गिटार बाहेर काढा, गंजलेल्या तारा हळूहळू सैल करा, फोटो घ्या आणि वहीचं पहिलं पान लिहा. पाना त्यानंतर.